परसातला गणेश

आषाढ-श्रावणात आमच्या परसातली डाळिंबं पिकतात तेव्हा घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, "अजून कच्चीच आहेत वाटतं?" त्यांचा प्रश्न रास्त असतो. सोलापुरात राहणाऱ्याला डाळिंब म्हटलं की हातगाडीवर रचलेली शेंदरी, तुकतुकीत फळं आठवतात. आमचं फळ पिवळसर. उन्हाकडच्या अंगाला थोडी गुलाबी झाक, साल पातळ, कुठे फांदीला घासून पडलेले तपकिरी डाग. फोडलं की दाणे फिके गुलाबी, आणि सगळी वाढ कडक उन्हाळ्यात झाली असेल तर जवळजवळ पांढरे. पाहुणे संकोचानं चार दाणे तोंडात टाकतात, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं. गोडी तर असतेच, पण त्यांना नवल वाटतं ते बियांचं. बी दाताला लागतच नाही. चावलं की रसाबरोबर विरघळल्यासारखी होते.

हा गणेश. माझ्या पिढीतल्या लोकांनी लहानपणी खाल्लेलं डाळिंब बहुतेक हेच. आज तो बाजारात शोधून सापडत नाही, पण त्याचं घराणं मोठं आहे. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी जातीच्या रोपांमधून १९३६ साली हे झाड निवडलं. आळंदीचे दाणे रंगानं गडद, पण बी टणक. त्या रोपांच्या गर्दीत एक मऊ बियांचं निघालं आणि पारखी नजरेनं ते हेरलं. बरीच वर्षं ते जीबीजी-१ अशा कोरड्या नावानं ओळखलं जात होतं, १९७० मध्ये त्याला गणेश हे नाव मिळालं. पुढे १९९० साली महाराष्ट्र सरकारनं फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेची जोड दिली, आणि सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, तिकडे सटाणा, मालेगाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांत मुरमाड रानांवर डाळिंब उभं राहिलं. जिथे ज्वारी-बाजरीचीही खात्री नव्हती तिथे ठिबकच्या थेंबांवर बागा फुलल्या. त्या सुरुवातीच्या बागांमध्ये गणेशच असायचा.

मग लाल रंगाची मागणी आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा गुल-ए-शाह रेड या लाल जातीशी संकर झाला. त्या वंशातून १९९४ मध्ये मृदुला आली आणि २००३ मध्ये आरक्ता आणि भगवा. भगव्यानं बाजार जिंकला, आणि योग्य गुणांवर जिंकला. साल जाड, रंग डोळ्यांत भरणारा, फळ मोठं, आठवडेच्या आठवडे टिकणारं. सांगोल्याहून ट्रकमध्ये चढून, वाशीच्या बाजारात उतरून, तिथून जहाजानं समुद्र ओलांडणाऱ्या फळाला असंच कातडं हवं. सांगोल्याजवळ माझ्या मामेभावाचं घर भगव्यावर उभं राहिलं, त्याच्या दोन्ही मुली भगव्याच्या पैशांवर शिकल्या. त्या फळाबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. शिवाय भगवा हा गणेशचाच नातू लागतो.

पण परसातल्या फळाला कुठे जायचं असतं? फांदीवरून ताटात, एवढाच त्याचा प्रवास. त्याला जाड कातडं कशाला हवं आणि दुकानातल्या दिव्याखाली चमकायचं कशाला हवं? बाजारानं डाळिंबाला जी शिस्त लावली ती बाजारासाठी ठीक आहे. ती जशीच्या तशी उचलून घरच्या झाडाला लावली की झाडाचेही हाल होतात आणि आपलेही. हल्ली लोक एक कलम आणतात आणि त्याच्यासोबत फवारण्यांचं अख्खं वेळापत्रक आणतात. फळ लहान राहिलं की हिरमुसतात, डाग पडला की फेकून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आमचं झाड सासूबाईंनी लावलं. मंगळवेढ्याच्या त्यांच्या माहेरून आलेली ती गुटी. न्हाणीघराच्या मागे, जिथे दुपारभर ऊन आणि खाली मुरूम, अशी जागा त्यांनी निवडली. तुळस, जास्वंद, मोगरा यांना पुढची काळी माती दिली आणि डाळिंबाला ही नापीक वाटणारी जागा. पाहणाऱ्याला हा पंक्तिप्रपंच वाटावा, पण त्या डाळिंबाच्या मुलखात वाढलेल्या होत्या. डाळिंबाच्या मुळांशी पाणी साचून राहिलं की झाड आजारी पडतं. मुरमातून पाणी झरझर निघून जातं, मुळांना हवा मिळते, आणि झाड मजेत राहतं. भारी काळ्या मातीत लावायचंच झालं तर उंचवटा करून त्यावर लावावं. वर्षातून एकदा दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, याहून जास्त काही ते मागत नाही.

डाळिंब हे मुळात झुडूपच. बुंध्याशी सारखे धुमारे फुटत असतात आणि सगळे वाढू दिले तर काटेरी जाळी होते, आत ऊन शिरत नाही. आमच्याकडे चार खोडं राखली आहेत. बाकीचे फुटवे कोवळे असतानाच हातानं मोडायचे. एकच खोड ठेवलं तर झाड दिसायला देखणं होतं, पण त्या एका खोडाला किडीनं गाठलं की सारंच संपतं. खोडकिडा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा तो इवलासा भुंगेरा यांनी सांगोल्याकडे केवढा उत्पात केला ते मी पाहिलं आहे. त्यात मर रोगाची भर. मामेभावानं एका रात्री फोनवर सांगितलं, "आक्का, वरची फांदी पिवळी पडली. आता हे झाड काय ऱ्हात न्हाई." पुढच्या खेपेला गेले तेव्हा बागेचा तो कोपरा मोकळा होता आणि बांधावर उपटलेली झाडं मुळांसकट रचलेली होती. त्यातलं एक खोड त्यानं कोयत्यानं आडवं तोडून मला दाखवलं. पांढऱ्या लाकडात मधोमध काळपट करडा डाग पसरला होता. बाहेरून साल अगदी धडधाकट.

डाळिंब फुलतं कसं हे जवळून पाहायचं तर झाड घरीच हवं. कळी आधी गव्हाएवढी, तांबूस, मग बोटाच्या पेराएवढी, आणि सगळ्या बाजूंनी मेणाच्या साच्यात ओतल्यासारखी जाड, गुळगुळीत, लाल. टोकाशी सहा-सात फाका होतात आणि आतून पाकळ्या बाहेर येतात. या पाकळ्या घडी घालून पेटीत कोंबलेल्या रेशमी लुगड्यासारख्या चुरगळलेल्या असतात, आणि पूर्ण उमलल्या तरी त्यांच्या चुण्या जात नाहीत. मधे पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. सकाळी त्यात मधमाश्या लोळत असतात. शिंजीर येतो, फांदीला उलटा लटकतो, चोच आत घालतो आणि निघून जातो.

पहिल्या वर्षी झाड फुलांनी लगडलं की घरातल्या सगळ्यांना आनंद होतो आणि आठवड्याभरात खाली सडा पडला की सगळे घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, देठाकडे निमुळतं होत गेलेलं. ते नर फूल, ते गळणारच. दुसरं देठाकडे फुगीर, मधे किंचित आवळलेलं, छोट्या सुरईच्या घाटाचं. फळ धरतं ते यात. दोन्ही फुलं तळहातावर शेजारी शेजारी ठेवून उभी चिरली तर लहान मुलालाही फरक कळतो. एकात तळाशी काहीच नसतं, दुसऱ्यात पांढुरक्या, मोहरीहून बारीक बीजांडांची दाटी असते. पुढे होणारा प्रत्येक दाणा त्यातल्या एकेका बीजांडाचा. माझ्या भाचीला मी हे दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर गळलेली सगळी फुलं गोळा करून एकेक चिरत बसली.

आता पाण्याचं. घरच्या डाळिंबाला उपाशी मरायची भीती नसते, त्याला धोका अतिलाडाचा. बागाईतदार झाडाला ताण देतो. पाणी तोडतो, हलक्या रानात महिना-सव्वा महिना आणि भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं पिवळी पडून गळतात, झाड काटक्यांसारखं उभं राहतं. मग छाटणी, खत, आणि हलकं पाणी देऊन ताण तोडायचा. झाड एकदम जागं होतं आणि अंगभर कळी काढतं. याला बहार धरणं म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया, पावसाच्या तोंडाशी मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. मामेभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा परसात फेरी मारून म्हणाला, "आक्का, लई लाडावून ठेवलंय की ह्याला. बारमाही पाणी प्यालेलं झाड पालाच काढतंय. उपाशी ठेवल्याबिगर कळी सुटत न्हाई."

त्याचं म्हणणं त्याच्या बागेपुरतं सोळा आणे खरं. त्याला सगळा माल एका वेळी, एका आकाराचा हवा, कारण व्यापारी एकदाच येतो. आमच्या घरी व्यापारी येत नाही. झाडाला मोकळं सोडलं तर आपल्या हवेत ते वर्षभर अधूनमधून फुलत राहतं. एकाच फांदीवर कळी, लिंबाएवढं हिरवं फळ आणि पिकायला आलेलं फळ असं सगळं नांदतं. बागाईतदाराच्या दृष्टीनं हा सावळा गोंधळ, घरच्या माणसाला मात्र यासारखं सुख नाही. तरीही मी मार्गशीर्ष-पौषात पाणी आवरतं घेते. पूर्ण तोडत नाही, पण रोजच्या सवयीनं नळी सोडायची नाही. वाळक्या आणि एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढते, खोडं खालपर्यंत मोकळी करते, शेणखत देते. संक्रांतीनंतर पाणी पुन्हा सुरू. पालवी फुटते ती तांबूस, तकतकीत, आणि मागोमाग कळी. झाडाला वर्षातून एकदा विश्रांती मिळाली की फळ जास्त गोड होतं असा माझा अनुभव आहे. कुंडीतल्या झाडाला मात्र असा ताण देऊ नये. कुंडीत मुळांना दुसरीकडे ओल शोधायला जागाच नसते.

फळ एकदा धरलं की पाण्यात खंड पडता कामा नये. डाळिंब तडकतं ते बहुतेक याच कारणानं. माती कोरडी पडते, साल आकसून राठ होते, मग एकदम भरपूर पाणी मिळतं किंवा वळवाचा पाऊस कोसळतो, आतले दाणे भराभर फुगतात आणि सालीला ते झेपत नाही. सकाळी पाहावं तर फळाला उभी चीर गेलेली आणि त्यातून दाणे डोकावत असतात. तडकलेलं फळ ताबडतोब काढून खावं, त्यात वाईट काही नसतं, पण तासाभरात मुंग्या आणि माश्या येतात. आम्ही बुंध्याभोवती वाळका पाला आणि उसाचं पाचट पसरून ठेवतो. सोलापूरच्या वैशाखातही त्याखाली हात घातला तर माती गार लागते. दोन माणसांच्या आंघोळीचं साधं पाणीही झाडाला पुरतं, फक्त साबणाचं नको.

किडींमध्ये मला सगळ्यात थक्क करणारी वाटते ती फळ पोखरणारी अळी. तिचं फुलपाखरू सुंदर असतं, नराच्या पंखांवर निळी-जांभळी झळाळी. मादी कळीवर किंवा कोवळ्या फळाच्या मुकुटापाशी एकेक अंडं घालते. अळी फळात शिरते, दाणे खात वाढते, आणि आपल्या पाठीमागच्या चपट्या भागानं भोक बुजवून आत बसते. बाहेरून पाहणाऱ्याला एक बूच लावल्यासारखं दिसतं. याहून नवलाची गोष्ट म्हणजे पोखरलेलं फळ गळून पडू नये म्हणून ती बाहेर येऊन देठाभोवती रेशमाचे धागे गुंडाळते आणि फळ फांदीला बांधून टाकते. एकदा तिन्हीसांजेला मी बॅटरीच्या उजेडात हे धागे पाहिले. कोळिष्टकासारखे, पण ओढून पाहिले तर चिवट. अळीचं कौतुक वाटलं तरी फळ काढून पिशवीत बांधून टाकावंच लागतं, नाही तर पुढची पिढी शेजारच्या फळांत.

यावर घरच्या घरी होणारा उपाय म्हणजे पिशवी. फळ लिंबाएवढं झालं की जुन्या धोतराच्या नाहीतर मलमलीच्या कपड्याची सैल पिशवी शिवून चढवायची आणि देठाशी नाडी बांधायची. अळी, फुलकिडे, उन्हाचे चट्टे, खार, पोपट, सगळ्यांपासून फळ सुटतं. आम्ही हाताला येणारी फळं झाकतो आणि शेंड्यावरची तशीच ठेवतो. ती बुलबुलांची आणि खारींची. पोपटांचा थवा आला की ते अर्धवट फोडून टाकून देतात याचा मला राग येतो, हे कबूल करते, पण टाकलेल्या फळावर मागाहून साळुंक्या तुटून पडतात.

तेल्याविषयी मात्र हयगय चालत नाही. हा जिवाणूंचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरणारा. पानांवर तेल लागल्यासारखे ओलसर ठिपके, मग ते काळे, आणि फळावर डाग पडून तिरपी-आडवी चीर. दोन दशकांपूर्वी या रोगानं आमच्या जिल्ह्यात आणि नाशिककडे बागांच्या बागा उपटायला लावल्या. सोलापूरजवळच्या केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं, तिथल्या शास्त्रज्ञांचा मोठा वेळ या एका रोगापायी गेला असणार. घरच्या एका झाडाला त्यांच्या जाडजूड शिफारशींची गरज नसते. डाग दिसलेली पानं आणि फळं काढून जाळायची, कंपोस्टात टाकायची नाहीत. कात्री एका फांदीवरून दुसरीवर नेताना स्पिरिटनं पुसायची. पावसाळ्यापूर्वी आणि छाटणीनंतर बोर्डो मिश्रण. एक लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओतायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडला असं समजून थोडा आणखी घालावा. आणि ते त्याच दिवशी वापरून संपवावं.

माझी लेक पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. तिला डाळिंब हवंच होतं, म्हणून आपल्या झाडाची गुटी तिच्याकडे गेली. दीड-दोन फूट रुंद-खोल कुंडी, तळाला विटांचे तुकडे, माती, मुरूम आणि शेणखत सारख्या मापानं. कुंडीखाली पाणी साठणारी थाळी नाही. पश्चिमेची गॅलरी असल्यानं दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन मिळतं आणि एवढं मिळालं तर झाड खुशीत असतं. सावलीत डाळिंब लावू नये, पालाच येतो. तिच्याकडे फुलं यायची आणि सगळीच गळायची, सुरईच्या घाटाचीसुद्धा. एवढ्या उंचीवर मधमाश्या क्वचितच येतात. डाळिंबाच्या एका झाडाला दुसऱ्या झाडाची गरज नसते, पण परागकण हलवणारं कुणीतरी लागतं. तिनं पाण्याच्या रंगांचा मऊ ब्रश घेतला आणि सकाळी फुलाफुलांतून फिरवायला सुरुवात केली. आता तिच्या कुंडीतल्या झाडावर दर वर्षी पाच-सहा फळं धरतात. त्याहून जास्त धरली तरी ती काढून टाकते, तेवढ्या मुळांवर तेवढंच पेलतं.

फळ कधी तोडायचं हे ओळखणं म्हणजे निम्मी विद्या. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. आंबा-चिकूसारखं अढीत घालून त्याला गोडी आणता येत नाही, झाडावर जेवढी उतरली तेवढीच. बाजारात जाणारं फळ अनेकदा घाईनं निघतं आणि म्हणून दिसायला लाल असूनही मचूळ लागतं. घरच्याला घाई नसते. फूल उमलल्यापासून पाच-सहा महिने ते झाडाला राहू द्यावं. गोल फळाला हळूहळू पैलू पडतात, कडा चपट्या होतात, मुकुटाची टोकं आत वळतात, सालीची चमक थोडी उतरते. टिचकी मारली तर कच्च्या फळाचा आवाज बद्द येतो आणि पिकलेल्याचा खणखणीत. सासूबाई टिचकी न मारताही सांगायच्या, नुसतं तळव्यावर तोलून. पिकलेलं डाळिंब आपल्या आकाराच्या मानानं जड लागतं.

फोडायची रीतही त्यांनीच शिकवली. मधोमध सुरी घालायची नाही, दाणे चिरडतात आणि रसाचे डाग पडतात, ते कपड्यावरून जन्मात जात नाहीत. मुकुटाभोवती उथळ गोल काप घेऊन टोपी काढायची. आत पडद्यांच्या पांढऱ्या रेषा दिसतात. त्या रेषांवरून सालीला बाहेरून उभ्या चिरा द्यायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उलगडायचं. वरच्या बाजूला पाच-सहा मोठे कप्पे असतात आणि देठाकडे त्यांच्या खाली आणखी दोन-तीन लहान. कितीतरी लोक वरचे कप्पे रिकामे करून साल टाकतात आणि खालच्या मजल्यावरचे दाणे तसेच राहतात. ते सगळ्यात घट्ट भरलेले असतात.

आमच्याकडे डाळिंब दहीभातावर पडतं, गोपाळकाल्यात पडतं, आणि उरलं तर मीठ-जिरेपूड भुरभुरून नुसतं. साल उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरायची. घसा धरला की तिचा तुकडा तोंडात धरायचा, लहान मुलांचं पोट बिघडलं की उकळून पाणी द्यायचं, ही घरातली जुनी रीत. एका उन्हाळ्यात त्याच साली उकळून, तुरटी घालून मी सुती पंचा रंगवला. शेवंतीच्या फुलासारखा पिवळा रंग आला आणि अजूनही टिकून आहे. भाद्रपदात गल्लीतली मुलं पत्रीसाठी येतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत डाळिंबाची पानं लागतात आणि आता आमच्या भागात हे झाड फारसं उरलेलं नाही. मी त्यांना डहाळी ओरबाडू देत नाही, स्वतः कात्रीनं कापून देते, आणि कुठली फांदी कापली तर झाडाला बरं हे त्यांच्यातल्या मोठ्याला दाखवते. यंदा त्यानं ती फांदी स्वतःच निवडली.

एक गोष्ट राहून राहून माझ्या मनात येते. डाळिंब बियांपासून उगवतं, पण बियांपासून झालेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही, बहुधा निघत नाही. गणेश बियांतून टिकत नाही. तो टिकला तो फांदीतून फांदी, कलमातून कलम. गणेशखिंडीत निवडलेल्या त्या एका झाडाची फांदी कुठल्या कुठल्या हातांतून मंगळवेढ्याला पोचली आणि तिथून सासूबाईंच्या पिशवीत बसून आमच्या न्हाणीघरामागे आली. म्हणजे परसात उभं आहे ते त्याच झाडाचं अंग आहे, नवं काही नाही. हात आखडले की ही साखळी तिथेच तुटते. बाजार ती जोडायला येणार नाही, त्याला गणेश नको आहे. रोपवाटिकेत मागितला तर भगवाच पुढे करतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, जे खपतं ते ते ठेवतात. राखायचा तर तो परसांनी आणि गॅलऱ्यांनीच राखायला हवा.

गुटी बांधणं अवघड नाही. पावसाळा सुरू झाला की निरोगी झाडाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, एक वर्षाची सरळ फांदी निवडायची. तेल्याचा ठिपका असलेलं झाड यासाठी कधीही घेऊ नये, रोग गुटीबरोबर दुसऱ्या घरी जातो. डोळ्याच्या थोडं खाली बोटाच्या एका पेराएवढी साल गोलाकार, लाकडाला इजा न करता सोलायची आणि आतला हिरवट चिकट थर पुसून टाकायचा, तो राहिला तर साल पुन्हा जुळते. त्यावर ओलं स्फॅग्नम मॉस मुठीएवढं दाबून, प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळून, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट आवळायची. महिना-दीड महिन्यात कागदातून पांढरी मुळं दिसू लागतात. ती तपकिरी झाली की खालून कापायचं, कागद काढायचा, निम्मी पानं उतरवायची आणि सावलीतल्या कुंडीत लावायचं. नवी पालवी फुटली की उन्हात.

तुमच्या ओळखीत कुणाच्या वाड्यात, शाळेच्या आवारात, देवळामागे पिवळट सालीचं, मऊ बियांचं जुनं डाळिंब उभं असेल तर यंदा पाऊस लागला की तिथे जा. मालकाला विचारा. दोन गुट्या बांधून या, एक स्वतःसाठी आणि एक शेजाऱ्यासाठी. तशी ओळख नसेल आणि सोलापूरला येणं होणार असेल तर श्रावणाच्या आत कळवा, आमच्या झाडावर तुमच्या नावची फांदी बांधून ठेवीन.